दोन बादल्या आणि क्लोरीनचा चोर

१

मावशी आली तेव्हा दारात कोणीच नव्हतं. एरवी तिची गाडी कोपऱ्यावर वळली की ताई खिडकीतूनच हाका मारायला सुरुवात करायची. आज घर नुसतं उघडं पडलं होतं. बॅग हातात घेऊनच मावशी मागच्या अंगणात गेली आणि तिथे तिला सगळे सापडले. भाचा आणि त्याची बायको तलावाच्या काठाशी उभी होती, ताई खुर्चीत बसली होती, आणि तिघंही पाण्याकडे अशी बघत होती की जणू घरात कोणी दगावलं आहे.

पाणी हिरवं झालं होतं. तळाच्या निळ्या फरशा दिसत नव्हत्या.

"या वेळी चौथ्यांदा," भाचा म्हणाला. "ये मावशी. बस. बघ आमचं वैभव."

घरामागचा हा पोहण्याचा तलाव भाच्याच्या वडिलांनी हौसेने बांधून घेतला होता. ते गेल्यावर त्यात पोहायला कोणाला सवड नव्हती. पण गेल्या वर्षी ताई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि मग या तलावाला खरी किंमत आली. जमिनीवर काठी टेकत चार पावलं टाकली की ताईचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. छातीएवढ्या पाण्यात मात्र ती काठीशिवाय चालायची, गाणं गुणगुणत चालायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज पाण्यात चालायचं, नाहीतर पाय आखडेल. आणि घाण पाण्यात पाऊल टाकायचं नाही, टाक्यांची कातडी अजून नाजूक आहे.

बरेच दिवस ती पाण्यात उतरली नव्हती. मावशीने बहिणीचा पाय बघितला. सूज चढली होती. खुर्चीशेजारी नव्याकोऱ्या रबरी चपला होत्या, पाण्यात घालायच्या, मागे पट्टा असलेल्या. आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक चाकांची खुर्ची घडी घालून ठेवली होती. तिच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. ताई तिच्याकडे पाठ करून बसली होती.

"सोमवारी माती टाकणारे येतायत," भाचा म्हणाला. "बुजवून टाकतो. रोज क्लोरीन ओतायचं आणि रोज ते नाहीसं व्हायचं, याला काही अर्थ नाही."

"नाहीसं होतं म्हणजे?"

"सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी स्वतः घालतो. संध्याकाळी येऊन तपासतो. पाण्यात क्लोरीनचा मागमूस नसतो. दिवसभर मागचं दार बंद असतं, भिंत उंच आहे." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "कोणीतरी माझ्या नाकावर टिच्चून हे करतंय."

ताईने मावशीचा हात धरला. "तू जन्मभर शहराचं पाणी तपासलंस ना गं? मग माझंही बघ. मला त्या खुर्चीत नाही बसायचं."

२

भाच्याला मावशी लहानपणापासून मुनीम म्हणायची. खाऊचे वाटे करायला त्यालाच बसवावं लागायचं, कारण इतर कोणी केले तर तो पुन्हा मोजायचा. मोठेपणी तो एका कारखान्यात खर्चाचा हिशेब बघायला लागला, आणि घरच्यांना त्याचा पुरेपूर लाभ झाला. प्रत्येक नळावर 'पाणी जपून' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. बायको आंघोळीला गेली की हा बाहेरून दार वाजवायचा. शेवटी तिने ते ऐकू येऊ नये म्हणून आत मोठ्याने गाणी लावायला सुरुवात केली होती.

त्याने मावशीला कोठीत नेलं. एका बाजूला पांढऱ्या गोळ्यांची अर्धी बादली होती, दुसऱ्या बाजूला निळे कॅन.

"आधी ही हलव," मावशी म्हणाली. "गोळ्या आणि कॅन एका खोलीत ठेवतात का कोणी? दोन्ही एकत्र सांडलं तर घराला आग लागेल."

मुनीम ओशाळला. त्याने मुकाट्याने बादली बाहेर पडवीत नेऊन ठेवली, आणि मग आपलं आवडतं आख्यान सुरू केलं.

"हे बघ. बाबांच्या वेळेपासून आपण या गोळ्या वापरायचो. तरंगत्या डब्यात टाकायच्या की झालं, पण महाग. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मी बसून सगळ्यांची तुलना केली. नुसती डब्याची किंमत नाही, आत खरं क्लोरीन किती आहे त्या हिशेबाने. दाणेदार पावडर जरा स्वस्त, पण तिच्यात चुना असतो, फरशांवर थर बसतो. मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र मिळतं, पण ते घेताना खिशाला एकदम मोठा खड्डा पडतो. मग उरलं हे कॅनमधलं पातळ क्लोरीन. सगळ्यांत स्वस्त. आणि कित्येक महिने झकास चाललं, मावशी. पाणी आरशासारखं होतं."

"मग बिनसलं कधी?"

"मागच्या महिन्यात. आई तुझ्याकडे राहून आली ना, त्यानंतर आठवडाभरात."

"आणि तुझा संशय कोणावर?"

"कॅनवाल्यावर. स्वस्त माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला पाणी मिसळून द्यायचं, दुसरं काय. उद्या येतोय तो, त्याला कायमचा रामराम ठोकणार आहे."

इतक्यात सून सरबत घेऊन आली. मावशीने तिच्या हातातल्या स्टीलच्या तांब्याकडे बघितलं. या घरात तिला सरबत नेहमी एकाच भांड्यातून मिळायचं. जाड निळ्या काचेचा जग होता, मावशीनेच यांच्या लग्नात दिलेला, आणि ती आली की तो मुद्दाम बाहेर निघायचा. आज नाही निघाला. असेल काही, मावशी मनात म्हणाली आणि सरबत प्यायली.

"यांचा संशय कॅनवाल्यावर आहे," सून कोठीच्या दाराशी हळूच म्हणाली, मुनीम पुढे गेल्यावर. "पण मावशी, ते कॅनवाले तसे नाहीत हो. तुम्ही शेजारच्या वकिलांशी बोला. ते आमच्या तलावावर दात ओठ खाऊन आहेत."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनवाले आले. खांद्याला पंचा, शर्टावर क्लोरीनचे पांढरे डाग, आणि चेहरा पडलेला. आपल्याबद्दल घरात काय बोललं जातंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"पंधरा वर्षं येतोय या घरात, मॅडम, आधी गोळ्या घेऊन, आता कॅन घेऊन," ते मावशीला म्हणाले. "साहेबांचे वडील असताना चहा प्यायल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत. फसवायचंच असतं तर तेव्हा नसतं फसवलं?"

"मला नवीन कॅन द्या. सील न तोडलेला."

त्यांनी दिला. मावशीने कोठीतल्या उघड्या कॅनमधून आणि या बंद कॅनमधून सारखंच माप घेतलं, दोन मोठ्या भांड्यांत सारख्याच पाण्यात मिसळलं आणि आपल्या जुन्या पेटीतले थेंब टाकले. हे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं, जास्त असेल तर गडद पिवळं. दोन्ही भांडी सारखीच पिवळी झाली.

"माल चांगला आहे," मावशी म्हणाली. कॅनवाल्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

"मी पण तेच म्हणतोय, मॅडम. मग जातं कुठे?"

"तुम्ही पाण्याच्या बाकीच्या तपासण्या करता?"

"आम्ल-क्षार दर वेळी बघतो. बाकीचं वर्षातून एकदा, वर्षाच्या सुरुवातीला. तेव्हा सगळं उत्तम होतं, जरा जास्तच होतं म्हणा ना. पाणी तेच, तलाव तोच. पुन्हा पुन्हा काय बघायचं?"

मावशीने तेवढं मनात टिपून ठेवलं. मग तिने त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर दार लोटून शेजारी गेली.

वकील निवृत्त झाले होते, पण उलटतपासणीची सवय सुटली नव्हती. त्यांची बाग तलावाच्या भिंतीपलीकडे, उताराला होती. मावशीने विषय काढताच त्यांनी तिला थेट एका ओसाड वाफ्यापाशी नेलं.

"बघा. इथे माझी शेवंती होती. एका रात्रीत माती वाहून गेली, राहिलेली झाडं पिवळी पडली. भिंतीखालच्या त्या पाइपातून पाणी आलं. मी विचारलं तर तुमचे भाचे म्हणतात, पंपाचा वॉशर गेला असेल, बघतो. बघतो म्हणजे काय? कधी बघणार?"

"हे कधी झालं?"

"मागच्या महिन्यात. मी तारीख सांगू शकतो."

"नको," मावशी म्हणाली. "मग तुम्ही सूड म्हणून आमच्या तलावात काही टाकता का?"

वकिलांनी चष्मा काढला. "बाई, या गुडघ्यांनी मला पायरी चढवत नाही. भिंत कसली चढतोय?"

ते खरं होतं. पण मावशी घरी परतली ती वेगळ्याच विचारात, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिची नजर खिडकीवर गेली. माशांच्या काचेच्या भांड्याशेजारी एक छोटी बाटली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाण्यातलं क्लोरीन तत्काळ घालवते'.

४

"ही कोणाची?"

सून भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि बाटलीकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"माझी. मासे नळाच्या पाण्यात मरतात हो, क्लोरीनमुळे. म्हणून दोन थेंब टाकायचे." मग तिच्या लक्षात आलं. "मावशी, तुम्हाला वाटतंय की मी?"

"मला अजून काहीच वाटत नाही. तलावाच्या जागी तुला बाग हवी होती ना?"

"हवी होती. आईंचा पाय मोडायच्या आधी." तिने चाकू खाली ठेवला. "त्या पाण्यात चालताना गुणगुणतात ना, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. आता किती दिवस झाले ऐकलं नाही. मी त्यांचं पाणी बिघडवेन?" तिचे डोळे भरून आले.

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. या बाटलीने तलावातलं क्लोरीन मारायचं तर पिंपं लागली असती, हे तिला माहीत होतं. पण विचारल्याशिवाय माणूस कळत नाही.

"तो निळा जग दिसत नाही कुठे," ती सहज म्हणाली.

"मी पण शोधून दमले. मी माहेराहून आल्यापासून सापडत नाहीये. तुमच्यासमोर तांब्या आणताना इतकं ओशाळं वाटलं. यांना विचारलं तर म्हणाले, असेल माळ्यावर." ती पुन्हा भाजीकडे वळली. "यांचं हल्ली काही कळतच नाही. सगळ्या वस्तूंची घासाघीस करणारा माणूस, आणि आईंसाठी पाण्यातल्या चपला आणल्या त्या दुकानातल्या सगळ्यांत महाग. म्हणे घसरायला नको. इतके महिने अनवाणी चालल्या, तेव्हा कुठे घसरल्या?"

मावशी ताईकडे गेली. ताई पलंगावर पाय लांब करून पडली होती.

"माझ्याकडून आलीस त्या दिवशी पाण्यात उतरलीस का गं?"

"उतरले तर. लगेच उतरले." ताईचा चेहरा आठवणीने उजळला. "पाणी इतकं छान होतं. अंगाला मऊ लागलं. मला वाटलं..." ती थांबली.

"काय वाटलं?"

"काही नाही. तू क्लोरीनचं बघ."

ताईला लपवाछपवी कधी जमली नव्हती. लहानपणीही ती अशीच भिंतीकडे बघायची. मावशीने जास्त ताणलं नाही. ती मागच्या अंगणात आली आणि मोरीतल्या दोन बादल्या उचलल्या.

५

बादल्यांचा प्रयोग पोरखेळाइतका सोपा होता. दोन्हीत नळाचं स्वच्छ पाणी भरलं. दोन्हीत त्याच कॅनमधलं, सारख्या मापाचं क्लोरीन घातलं. थेंब टाकून बघितलं, दोन्हीकडे सारखाच पिवळा रंग. मग एका बादलीवर घट्ट झाकण घातलं, दुसरी तशीच उघडी ठेवली, दोन्ही तलावाच्या काठाला शेजारी शेजारी. आणि मावशी व्हरांड्यात विणकाम घेऊन बसली.

सून अंगणात कपडे वाळत घालून गेली. मुनीमला सुट्टी होती, तो दोनदा येऊन डोकावला. "मावशी, तू बादल्यांची राखण करतेयस?"

"करतेय. तू पण बस. चोर आला तर दोघं मिळून पकडू."

तो हसला, पण बसला. कोणी बादल्यांच्या जवळ गेलं नाही. एक चिमणी उघड्या बादलीच्या कडेवर बसली आणि उडून गेली. ऊन भिंतीवरून उतरून तलावभर पसरलं, फरशा तापल्या, मावशीने मोज्याची टाच विणून पुरी केली. जेवणाची हाक आली तेव्हा ती उठली आणि दोन्ही बादल्यांत थेंब टाकले.

झाकलेल्या बादलीतलं पाणी सकाळसारखंच पिवळं झालं.

उघड्या बादलीत थेंब पडले आणि पाणी जसंच्या तसं राहिलं. क्लोरीन गेलं होतं. मुनीम डोळे फाडून बघत राहिला.

"पण इथे तर कोणीच आलं नाही."

"आला होता," मावशी म्हणाली. "आपल्या डोळ्यांसमोर दिवसाढवळ्या आला, आणि अजून इथेच आहे." तिने बोट वर केलं.

मुनीमने वर बघितलं. वर सूर्याशिवाय काही नव्हतं.

६

"ऊन क्लोरीन खातं," मावशी जेवताना म्हणाली. "उघड्यावरचं पातळ क्लोरीन दोन-चार तासांत संपतं. तू सकाळी घालतोस आणि संध्याकाळी शोधतोस. कसं सापडेल?"

"पण मावशी," मुनीम घास हातात धरून म्हणाला, "ऊन काय मागच्या महिन्यात उगवायला लागलं? त्याआधी कित्येक महिने मी सकाळीच घालत होतो. तेव्हा टिकत होतं."

मावशीला त्याचा अभिमान वाटला. प्रश्न बरोबर होता.

"तेच शोधायचंय," ती म्हणाली.

दुपारी तिने कॅनवाल्यांना पुन्हा बोलावून घेतलं. दोन कामं होती. पहिलं म्हणजे पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी उघडायची. पाणी ओढलं जाताना पानं, कचरा तिथे अडकतो. कॅनवाल्यांनी झाकण फिरवलं, जाळी बाहेर काढली आणि फरशीवर आपटली. पिंपळाची दोन कुजकी पानं पडली, ताईची एक केसांची पिन पडली, आणि आणखी काहीतरी खळकन वाजलं. मावशीने ते उचललं, पदराने पुसलं आणि मुठीत धरलं. कॅनवाल्यांनी ते बघितलं आणि झाकण पुन्हा बसवायला घेतलं.

दुसरं काम तिच्या पेटीतल्या एका जुन्या बाटलीचं होतं. तलावाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात बाटलीतलं औषध घालायचं. ती ज्या वस्तूच्या शोधात होती ती पाण्यात असेल, तर पाणी दुधाळ होऊन नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो.

तिने नळी उन्हात धरली. ठिपका टपोरा, स्पष्ट दिसत होता. कॅनवाल्यांनी तो पुढे वाकून निरखला.

"हे कसं शक्य आहे, मॅडम? वर्षाच्या सुरुवातीला इतकं दाट होतं."

"सगळ्यांना बोलवा," मावशी म्हणाली. "वकिलांनाही."

७

ऊन कलल्यावर सगळे तलावाकाठी जमले. ताई खुर्चीत, सून तिच्यामागे, मुनीम कठड्याला टेकून, कॅनवाले जरा लांब उभे, आणि वकील घरून आणलेल्या स्टुलावर.

"सूर्याने चोरी केली हे तुम्हाला कळलंय," मावशी म्हणाली. "पण सूर्य रोजचाच. पूर्वी तलावाला त्याच्यापासून संरक्षण होतं, ते गेलं. ते काय होतं ते सांगते. ज्या महाग गोळ्या तुम्ही इतकी वर्षं वापरल्या, त्यांच्यात नुसतं क्लोरीन नसतं. क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा एक पदार्थ असतो. छत्रीच म्हणा. क्लोरीन संपतं, पण ही छत्री पाण्यातच राहते. ना उडून जाते, ना कुजते. वर्षानुवर्षं साठत जाते."

"म्हणजे कॅनमधलं स्वस्त क्लोरीन..." मुनीम म्हणाला.

"गोळ्यांच्या जुन्या छत्रीखाली जगत होतं. तुझा हिशेब चुकला नव्हता, त्यातली एक वस्तू तुला दिसली नव्हती एवढंच. आज मी तपासलं. पाण्यात छत्री शून्य आहे."

"मग ती गेली कुठे?" सुनेने विचारलं.

"ती एकाच वाटेने जाऊ शकते. पाण्याबरोबर." मावशीने वकिलांकडे बघितलं. "यांची शेवंती वॉशरने नाही वाहून गेली. पंपाच्या गळतीने वाफा भिजतो, धुपत नाही. मागच्या महिन्यात हा अख्खा तलाव कोणीतरी रिकामा केला आणि नव्याने भरला. ताई माझ्याकडून आली तेव्हा पाणी तिच्या अंगाला मऊ लागलं, कारण ते कोरं होतं. कॅनवाल्यांना कोणी सांगितलंच नाही, म्हणून ते जुनंच पाणी समजून चालले."

नळावर 'पाणी जपून' लिहिलेली चिठ्ठी वाऱ्याने फडफडत होती. या घरात एक बादली सांडली तरी जाब द्यावा लागायचा, आणि इथे कोणीतरी तलाव सोडून दिला होता. सून नवऱ्याकडे बघायला लागली, कारण त्या दिवसांत ताई मावशीकडे होती आणि ती स्वतः माहेरी होती.

मावशीने मूठ उघडली नाही. "पुढचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते मी सांगायचं नाही."

मुनीम फरशीकडे बघत होता. मान वर न करताच तो बोलायला लागला.

"घर रिकामं वाटत होतं. म्हटलं, आई रोज पाण्यात एवढं काय चालते, बघू तरी. सरबत करून घेतलं आणि पाय सोडून इथे बसलो. माझं कोपर लागलं. जग पाण्यात पडला, खालच्या पायरीवर आपटून फुटला."

"माझा निळा जग?" सून म्हणाली.

"निळी काच आणि निळ्या फरशा. काही म्हणजे काही दिसेना. हाताने चाचपलं, तर बोट कापलं." त्याने तर्जनी पुढे केली, पांढरा वण अजून होता. "आई येणार आणि अनवाणी उतरणार, हेच डोळ्यांसमोर येत होतं. म्हणून सगळं पाणी सोडून दिलं. तळ सुकल्यावर गुडघ्यांवर बसून हाताने झाडून काढला, दोनदा. तरी धीर होईना, म्हणून त्या चपला आणल्या."

"मग सांगितलं का नाहीस?" वकिलांनी विचारलं.

"कोणत्या तोंडाने सांगू? बायकोच्या आंघोळीचं पाणी मोजणारा मी." त्याने कॅनवाल्यांकडे बघितलं. "पाणी बदलल्याने असं काही होतं हे मला खरंच माहीत नव्हतं, काका. मला वाटलं, कोरं पाणी म्हणजे उलट चांगलंच. मी तुमच्यावर नाही नाही ते बोललो. माझं चुकलं."

कॅनवाले पुटपुटले, "राहू द्या साहेब," आणि पंचा उगाच झटकायला लागले.

आता ताई मुलाकडे वळली.

"पाणी बदललंय हे मला पहिल्या पावलालाच कळलं होतं रे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, एवढा चिकट माझा मुलगा, पण मी येणार म्हणून त्याने माझ्यासाठी सगळं पाणी बदललं. आपण बोललो तर बिचारा लाजेल. म्हणून मनातल्या मनात ठेवलं." ती जरा हसली. "म्हटलं, खोटं निघायला नको."

मुनीम तिच्या खुर्चीपाशी खाली बसला.

"तुझ्यासाठीच बदललं, आई," तो म्हणाला.

ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मावशीने मूठ न उघडताच हात पदराखाली घेतला. मुठीतला निळ्या काचेचा तुकडा पुढे कोणी बघितला नाही.

८

माती टाकणाऱ्यांना मुनीमने स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं. कॅनवाल्यांनी भरपूर क्लोरीन घालून शेवाळ मारलं, तळ ब्रशने घासला, यंत्राने गाळ ओढून काढला. छत्रीची पावडर वेगळी मिळते आणि ती एकदाच घालावी लागते. ती पाण्यात सावकाश विरघळते, म्हणून मोज्यात भरून पाण्याच्या धारेसमोर लटकवतात. मुनीमने त्यासाठी आपला जुना मोजा आणून दिला. त्याला अंगठ्यापाशी भोक निघालं, तेव्हा मावशीने नुकताच विणलेला मोजा मुकाट्याने पुढे केला.

"आता क्लोरीन कॅनमधलंच ठेव," ती त्याला म्हणाली. "स्वस्तात तेच बरं. फक्त सकाळी नाही, ऊन उतरल्यावर घालत जा. आणि पाणी बदललंस तर कॅनवाल्यांना सांग."

"आणि मला," सून म्हणाली. स्नानघराच्या नळावरची चिठ्ठी तिने त्याच्यासमोरच काढून चुरगाळली. वकिलांच्या वाफ्यात शेवंतीची नवी रोपं लावायला मात्र त्याला तिने स्वतः पिटाळलं.

पाणी निवळायला थोडे दिवस गेले. मावशीने तोवर मुक्काम वाढवला. मग एका सकाळी परीक्षानळीतला काळा ठिपका धूसर झाला, थेंबांनी पिवळा रंग धरला आणि तळाची एकेक निळी फरशी मोजता यायला लागली. चाकांची खुर्ची प्लास्टिकसकट दुकानात परत गेली होती.

ताई काठी टेकत काठाशी आली. मुनीमही पोहण्याचे कपडे घालून आधीच पाण्यात उतरला होता, तिच्यासाठी हात पुढे करून.

"आई, चपला राहिल्या."

ताईने काठी मावशीच्या हातात दिली. "तू झाडलंयस ना?"

"हो."

"मग कशाला?" ती म्हणाली, आणि अनवाणी पायरी उतरली.